मराठवाड्याच्या उन्हात टिकणारी कार ऑडिओ सिस्टीम: घरच्या घरी जोडणी आणि ट्यूनिंग

गाडीत आवाज चांगला हवा असेल तर पैशाचा पहिला वाटा समोरच्या दोन दारांना द्या, दुसरा वायरीला, आणि उरेल तो अँप्लिफायरला. बहुतेक गाड्यांत उलटं झालेलं असतं. डिकीत १२ इंची वूफर, मागच्या ट्रेवर सहा-बाय-नऊ इंची स्पीकरची जोडी, आणि समोरच्या दारात कंपनीने दिलेले पातळ कागदी स्पीकर. अशा गाडीत काचा थरथरतात, पण गाणाऱ्याचे शब्द कळत नाहीत. शब्द समोरून येतात, म्हणून काम समोरून सुरू करायचं.

इथे धरलेली मांडणी साधी आहे. समोर साडेसहा इंची कंपोनेंट जोडी, म्हणजे दारात मिडबास (खालचे-मधले सूर देणारा), वर ट्विटर (बारीक, वरचे सूर देणारा) आणि सोबत आलेला पॅसिव्ह क्रॉसओव्हर (सूर दोघांत वाटून देणारी डबी). एक चार चॅनेलचा क्लास डी अँप्लिफायर, त्यातले दोन चॅनेल समोर ७५-७५ वॅट आरएमएस (सतत देता येणारी ताकद), उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे जोडून एक करून, १० इंची सबवूफरला साधारण २२५ वॅट. हॅचबॅकला किंवा सेदानला एवढं भरपूर होतं. खोक्यावर छापलेले 'पीक', म्हणजे क्षणभराचे, वॅट कुठल्याच हिशेबात धरू नका, आरएमएस आकडाच बघा.

आता विजेचा हिशेब. एकूण ३७५ वॅट, कार्यक्षमता ८० टक्के धरली तर लागतात साधारण ४७० वॅट. इंजिन चालू असताना १३.५ व्होल्ट मिळतात, म्हणजे पूर्ण जोरावर ३५ अँपियर. बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर वायर लागते. ८ गेजची, म्हणजे सुमारे ८.४ चौरस मिलिमीटरची, तांब्याची वायर या प्रवाहाला ०.३६ व्होल्ट खाते. ४ गेजची, २१ चौरस मिलिमीटरची, ०.१५ च्या आत राहते. म्हणून ४ गेजच घ्या. स्वस्त किटमधली वायर बहुधा तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची असते. तिची वहनक्षमता तांब्याच्या दोन तृतीयांशाच्याही खालीच, शिवाय जाड प्लास्टिकच्या आत धातू कमी भरलेला. ब्लेडने एक तार खरवडा, आत पांढरी चमक दिसली की ती वायर परत करा. किट नको असेल तर वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेल्डिंग केबल मिळते. तिच्या तारा बारीक असतात, वळायला मऊ असते आणि रबरी आवरण उन्हाला टिकतं. ती अॅल्युमिनियममध्येही विकली जाते, तेव्हा खरवडून बघणं तिथेही आलंच.

काम सुरू करताना १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि सगळ्यात शेवटी जोडा. ४० अँपियरचा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत बसवा. हा फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो. तो डिकीत अँप्लिफायरजवळ बसवला तर मधल्या सगळ्या वायरीला संरक्षण राहत नाही आणि कुठे घासून बॉडीला लागली तर तिथेच पेट घेते. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) वायर नेताना भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे कडं, लागतंच, कारण पत्र्याची धार कंपनाने आवरण कापते. बॉनेटखालच्या भागाला नालीदार पाईप चढवा. पावसाळ्यात शेताच्या कडेला किंवा गोठ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर शिरतात आणि मऊ वायर त्यांना पहिली सापडते.

पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूने आणि आरसीए केबल (स्टिरिओचा सिग्नल अँप्लिफायरला नेणारी) दुसऱ्या बाजूने न्या. सीटखाली किंवा दाराजवळ पिवळे कपलर दिसले तर त्यांना हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात. ज्या पिलरवर एअरबॅग लिहिलेलं आहे तिथे ट्विटर बसवू नका आणि त्याच्या समोरून वायरही नेऊ नका. ट्विटरला आरशामागचा त्रिकोण किंवा डॅशबोर्डचा कोपरा चालतो.

बिघाड सगळ्यात जास्त निघतात ते अर्थिंगमध्ये. अर्थची वायर पॉवरच्याच गेजची, ४५ सेंटीमीटरपेक्षा आखूड, आणि थेट बॉडीच्या जाड पत्र्याला. रंग सँडपेपरने पूर्ण काढा, चकचकीत धातू दिसला पाहिजे. वायरीच्या टोकाला लग (धातूचं कडं) दाबून, म्हणजे क्रिंप करून, दातेरी वॉशरसह नट-बोल्टने आवळा, वरून ग्रीस किंवा रंग लावा म्हणजे गंज चढणार नाही. पत्र्यात फिरवलेला स्क्रू काही महिन्यांत सैल होतो. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ जोडायची पद्धत दिसते, ती करू नका. तो बोल्ट जीव वाचवायला आहे. ज्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असतो, त्यांत तर अर्थ थेट टर्मिनलला घेऊच नये, नाहीतर सेन्सरला प्रवाहाचा हिशेब लागत नाही.

आता दारं. साडेसहा इंची स्पीकरला मागे बंद पेटी लागते, आणि गाडीत ती पेटी म्हणजे दार. कंपनीचं दार मोठमोठ्या छिद्रांचं आणि पातळ पत्र्याचं असतं. स्पीकरच्या मागची लाट त्या छिद्रांतून पुढे येऊन पुढच्या लाटेला मारते आणि बास गायब होतो. महागडा स्पीकर बसवूनही आवाज पत्र्यासारखा येतो तो यामुळे.

डोअर पॅड काढा, आतला प्लास्टिकचा पडदा काढा. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते आणि दाराच्या तळाशी थर करून बसते. ती आधी पाण्याने धुऊन काढा, दार उन्हात पूर्ण वाळू द्या, मग थिनरच्या फडक्याने पुसा. धुळीवर चिकटवलेली थरथर थांबवणारी शीट पहिल्या पावसातच सुटते. शीट ब्युटिलची (एक प्रकारच्या रबराची), निदान २ मिलिमीटर जाडीची घ्या. डांबराची शीट स्वस्त असते, पण परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो आणि उन्हात उभ्या बंद गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्याही पुढे तापतो. त्या उष्णतेत डांबर मऊ होऊन घसरतं आणि गाडीभर वास सुटतो. बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला सगळीकडे शीट लावायची गरज नाही, मधल्या मोकळ्या भागात तीस टक्के झाकलं तरी थरथर बरीच थांबते. स्पीकरच्या बरोब्बर मागे मात्र एक अख्खा तुकडा हवा. आतल्या पत्र्याची मोठी छिद्रं आधी अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याने झाका, मग वरून शीट. नुसती शीट मोठ्या छिद्रावर ताणली की उन्हाळ्यात पोट सुटतं. दोन दारांना मिळून साधारण दोन चौरस मीटर शीट लागते. छोट्या लोखंडी रोलरने फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत दाबा. डिसेंबरच्या सकाळी शीट कडक असते, हेअर ड्रायरने गरम करावी लागते. मे महिन्यात हेच काम पहाटे करा, कारण दुपारी पत्र्याला हात लागत नाही आणि एकदा चिकटलेला तुकडा हलत नाही.

दाराच्या तळाची पाणी जायची भोकं कधीही बंद करू नका. काच खाली गेली की पावसाचं पाणी दारात उतरतंच, ते तुंबलं तर दार आतून सडतं. त्याच पाण्यामुळे स्पीकरखालची रिंग एमडीएफची नको, ती दोन पावसाळ्यांत फुगते. १८ मिलिमीटर पीव्हीसी बोर्डची किंवा वॉटरप्रूफ प्लायला इपॉक्सी लावून केलेली रिंग टिकते. रिंग आवळण्याआधी काच पूर्ण खाली घेऊन चुंबकाला लागत नाही ना ते बघा. शेवटी स्पीकरच्या कडेला फोमची पट्टी लावा, म्हणजे आवाज पॅडच्या आत न घुमता जाळीतून बाहेर येईल.

सबवूफरला बंद पेटी पुरते. गाडीची केबिन लहान असल्यामुळे साधारण ७० हर्ट्झच्या खाली ती स्वतःच बास वाढवते. सुताराकडून १८ मिलिमीटर एमडीएफची बाहेरून ३८ × ३४ × ३० सेंटीमीटर पेटी करून घ्या. आतलं आकारमान २७.६ लिटर येतं, वूफरचे दोनेक लिटर वजा केले तरी बहुतेक १० इंची वूफरना ते जमतं. सांधे फेव्हिकॉल आणि स्क्रूने, आतून सिलिकॉन. सिलिकॉनचा वास पूर्ण गेल्यावरच वूफर बसवा, ओल्या सिलिकॉनची वाफ कोनच्या कडेच्या रबरी पट्टीला (सराउंडला) चांगली नाही.

अँप्लिफायर कार्पेटखाली पुरू नका आणि उलटा टांगू नका, हीटसिंकला वर निघायला हवा लागते. थेट फ्लोअरमध्ये स्क्रू मारणं तर धोक्याचंच, कारण खाली पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचे पाईप असतात. मागच्या सीटच्या पाठीला १२ मिलिमीटर प्लायची फळी लावून त्यावर बसवा. दुपारी तापलेल्या गाडीत बसल्या बसल्या आवाज वाढवला आणि तो बंद पडला, तर बहुधा थर्मल प्रोटेक्शन (जास्त तापल्यावर आपोआप बंद होण्याची सोय) लागलेलं असतं. एसीने केबिन थोडी थंड होऊ द्या.

अँप्लिफायरवरची गेनची खुंटी स्टिरिओच्या सिग्नलशी मेळ घालायला असते. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, हे ट्यूनिंगमधलं सगळ्यात महत्त्वाचं. स्टिरिओ कमाल व्हॉल्यूमच्या ७५ टक्क्यांवर ठेवा, सगळे बास बूस्ट आणि ईक्यू (इक्वलायझर, वेगवेगळे सूर कमी-जास्त करणारी सेटिंग) सपाट करा, अँप्लिफायरचे फिल्टर बंद करा, स्पीकरच्या वायरी काढा. ० डीबीचा, म्हणजे पूर्ण पातळीचा, १०० हर्ट्झ टोन लावून मल्टिमीटर एसी व्होल्टवर अँप्लिफायरच्या आउटपुटला धरा. साधे मल्टिमीटर ४०० हर्ट्झच्या वर चुकीचं दाखवतात, म्हणून १ किलोहर्ट्झचा टोन इथे उपयोगाचा नाही. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ म्हणजे हवे ते व्होल्ट. ७५ वॅट आणि ४ ओहमला १७.३ व्होल्ट, सबच्या २२५ वॅट आणि ४ ओहमला ३० व्होल्ट. तिथे गेन थांबवा. गेन पूर्ण फिरवला तर लाट वरून-खालून कापली जाते. त्या कापलेल्या लाटेत वरच्या कंपनांची भर पडते आणि ट्विटर जळतात. वूफरची कॉइलही अशीच तापून जाते.

क्रॉसओव्हर समोर ८० हर्ट्झ हायपास (त्याखालचे सूर अडवणारा), सबला ८० लोपास (त्यावरचे अडवणारा). उतार, म्हणजे सूर अडवण्याचा वेग, दोन्हीकडे दर सप्तकाला १२ डीबी असेल तर त्या ठिकाणी दोघांच्या फेजमध्ये (लाटांच्या चढ-उताराच्या वेळेत) १८० अंशांचा फरक पडतो, म्हणून सबची प्लस-मायनस उलटी करून बघा आणि ड्रायव्हरच्या जागी बास ज्यात भरीव येतो ती जोडणी ठेवा.

मग टाइम अलाइनमेंट, म्हणजे जवळच्या स्पीकरचा आवाज किंचित उशिरा सोडून सगळ्यांचे आवाज एकाच वेळी कानावर आणणं. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, म्हणजे उजवा स्पीकर जवळ आणि गाणारा उजव्या दारात बसल्यासारखा वाटतो. मोजपट्टीने डोक्यापासून अंतर घ्या. समजा सब १७० सेंटीमीटर, डावा १४०, उजवा ९०. २५ अंश तापमानाला आवाज एका मिलिसेकंदात ३४.६ सेंटीमीटर जातो. सगळ्यात लांबचा सब शून्यावर, डाव्याला (१७० − १४०) ÷ ३४.६ म्हणजे ०.८७ मिलिसेकंद, उजव्याला ८० ÷ ३४.६ म्हणजे २.३१. एकच आवाज असलेलं गाणं लावा. तो डॅशबोर्डच्या मध्याकडे सरकला पाहिजे. थोडा बाजूला राहिला तर ०.०५ च्या पायरीने हलवा. सिस्टीममधली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त आनंद देणारी सुधारणा हीच आहे.

ईक्यू शेवटी. पिंक नॉइज (सगळे सूर एकदम असलेला खळखळ आवाज) लावून फोनवरचं आरटीए अॅप (कुठला सूर किती जोरात येतो ते आलेखात दाखवणारं) डोक्याच्या जागेभोवती सावकाश फिरवा आणि सरासरी बघा. उंचवटे कापा, खड्डे भरू नका. खड्डा बहुधा दोन लाटा एकमेकींना खाऊन झालेला असतो, तिथे ताकद ओतून काही निघत नाही. फोनचा माइक खालचा बास नीट पकडत नाही, तेव्हा ६० हर्ट्झच्या खाली कानावर विसंबा.

इंजिनच्या वेगाबरोबर शिट्टी चढत असेल तर आधी अर्थचा सांधा तपासा, मग आरसीए, सर्वात शेवटी फिल्टर विकत घेण्याचा विचार. खडखड शोधायला ३० ते २०० हर्ट्झचा सावकाश चढणारा टोन लावा आणि पॅडवर हात ठेवून फिरा. क्लिपांखाली आणि लॉकच्या सळईभोवती फोमची पट्टी गुंडाळली की बहुतेक मिटते. जोरात गाणं चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर आणि अँप्लिफायरच्या टर्मिनलवर, दोन्हीकडे व्होल्ट मोजा. फरक ०.५ च्या वर असेल तर सांधा सैल आहे किंवा वायर खोटी आहे. हे मोजमाप उन्हाळा संपताना आणि पावसाळा संपताना पुन्हा घ्यावं.