शौच तपासणीचं पाकीट आणि हरवलेला ‘ए’

तपासणीला पाच मिनिटं लागली. पाकीट हातात पडायला साडेचार महिने गेले. तो राग अजून मनातून गेलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

मी लेस्टरला राहते, वय 57. इंग्लंडमध्ये जीपीकडे (म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवलेल्या 50 ते 74 वयाच्या सगळ्यांना दर दोन वर्षांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीचं किट एनएचएसकडून, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून, पोस्टाने घरी येतं. आधी हे 60 पासून होतं, 2021 पासून वय हळूहळू खाली आणलं. माझ्या बरोबरीच्या मैत्रिणींची किटं येऊन, निकाल लागूनही झाले. माझं काही येईना. एरवी मी एवढा पाठपुरावा केला नसता, पण माझ्या वडिलांना, अण्णांना, वर्षभर शौचावाटे रक्त जात होतं. ‘मूळव्याध आहे, उष्णता झालीय’ म्हणत त्यांनी ते वर्ष ताक आणि सब्जावर काढलं. सांगलीत दुर्बिणीने तपासलं तेव्हा आजार लिव्हरपर्यंत पोचला होता.

आमचं घर दोन मजल्यांचं. खाली 12, वर आम्ही 12ए. एका संध्याकाळी खालचा भाडेकरू मुलगा एक पत्र घेऊन वर आला. त्यावर बुटाचा ठसा होता. ‘तुमचं किट अजून परत आलेलं नाही’ अशी आठवण करून देणारं पत्र! म्हणजे किट खाली येऊन पडलं होतं आणि आधीच्या कुणीतरी ते कचऱ्यात टाकलं होतं.

हेल्पलाइनला फोन लावला (0800 707 60 60, फुकट आहे, नंबर लिहून ठेवा). तिथली बाई फार समजूतदार. म्हणाली, दुसरं किट पाठवता येईल, पण आमच्याकडे पत्ता तुमच्या जीपीकडून येतो, तो आधी तिकडे दुरुस्त करून घ्या.

आणि इथे गाडी अडकली. सकाळी आठला फोन, चाळीस मिनिटं तेच संगीत, मग रिसेप्शनवरची मुलगी म्हणणार, “पत्ता बरोबर आहे.” दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा पत्ता बदलण्याचा फॉर्म भरून, कौन्सिल टॅक्सचं बिल जोडून दिलं. तीन आठवड्यांनी कळलं की फॉर्म तसाच पडून आहे, कारण पोस्टकोड टाकल्यावर कॉम्प्युटरवर जी यादी येते तिच्यात 12ए नाहीच! हे मला कुणी कळवलंही नाही. चौथ्या वेळी मी स्वतः जाऊन काउंटरशी उभी राहिले आणि म्हटलं, “तुमच्या स्क्रीनवर काय लिहिलंय ते मला अक्षर न् अक्षर वाचून दाखवा.” तिने वाचलं, नुसतं बारा. मी बिलावरचा ‘ए’ बोटाने दाखवला. माझे हात थरथरत होते. वडील कशाने गेले तेही तिथेच सांगितलं. मग आतून मॅनेजर आली आणि तिने यादी बाजूला ठेवून पत्ता हाताने टाइप केला. दोन मिनिटांचं काम.

तेव्हा घर बदललं असेल, नाहीतर असं वर-खाली असेल, तर “पत्ता बरोबर आहे ना?” असं विचारू नका. वाचून दाखवायला सांगा.

किट दहा दिवसांत आलं. पूर्वी तीन वेळच्या शौचाचे नमुने द्यावे लागायचे, 2019 पासून एकच पुरतो. पथ्यपाणी काही नाही, कारण ही तपासणी फक्त माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन ओळखते. डोळ्यांना न दिसणारं रक्तही त्यात सापडतं. शौच कमोडच्या पाण्यात पडायच्या आत धरायचं असतं. मी श्रीखंडाचा धुऊन कोरडा केलेला डबा घेतला. टोपणाला काडी असते, तिच्या टोकाला खाचा असतात. तेवढ्या भरल्या की झालं, जास्त नको. काडी बाटलीत घालून टोपण घट्ट लावलं की पुन्हा उघडायचं नाही. बाटलीवर तारीख घालायला विसरू नका. परत पाठवायच्या पाकिटाला तिकीट लावावं लागत नाही.

दोन आठवड्यांच्या आत पत्र आलं, सध्या पुढच्या तपासणीची गरज नाही. बाथरूमच्या दारातच बसून रडले. रक्त ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त निघालं तर बोलावतात आणि बहुधा दुर्बिणीची तपासणी करतात. तसं बोलावणं आलेल्या बहुतेकांना कॅन्सर नसतो, त्यामुळे भीतीपोटी तपासणीला जायचं टाळू नका. आणि हे राहिलंच, निकाल चांगला आला तरी पुढे कधी रक्त दिसलं किंवा शौचाची सवय बदलली, तर दोन वर्षांनी येणाऱ्या किटची वाट बघू नका, सरळ जीपीकडे जा. 75 च्या पुढे किट आपोआप येत नाही, त्याच हेल्पलाइनवर मागून घ्यावं लागतं.

सांगलीला दादा 61 चा आहे. तिथे असं पाकीट पोस्टाने येत नाही, स्वतःच डॉक्टरांकडे विषय काढावा लागतो. वडिलांना होता म्हटल्यावर डॉक्टर थेट दुर्बिणीबद्दलच बोलले. मंगळवारची वेळ मिळाली आहे. वहिनीला सोमवारी रात्री फोन करणार आहे.