डर्बीचे स्मिथ: ओतीव लोखंड, लंबक आणि वारा

मनोऱ्यावरचं घड्याळ बनवणाऱ्याला घड्याळजी म्हणण्यापेक्षा फिटर म्हणणं जास्त योग्य. मनगटी घड्याळाला भिंग आणि चिमटा लागतो, इथे चेनपुली लागते. इंग्लंडमधल्या डर्बी गावात व्हाइटहर्स्ट घराण्याच्या तीन पिढ्यांनी हेच काम केलं. जॉन स्मिथ त्यांच्याकडेच उमेदवारी करून तयार झाला. 1855 मध्ये तिसरा व्हाइटहर्स्ट वारला आणि 1856 मध्ये स्मिथने स्वतःचं दुकान थाटलं. पुढे मुलं धंद्यात आली, पाटीवर ‘जॉन स्मिथ अँड सन्स, मिडलँड क्लॉक वर्क्स’ आलं.

त्यांचं नाव झालं ते लॉर्ड ग्रिमथॉर्पमुळे. हा माणूस पेशाने वकील, स्वभावाने महाभांडखोर, पण घड्याळातलं त्याला खरंच कळत होतं. बिग बेनसाठी त्यानेच तीन-तीन पायांच्या दुहेरी चाकाची ग्रॅव्हिटी एस्केपमेंट (चाकांना थोडं थोडं सोडत लंबकाला धक्का देणारी यंत्रणा) आखली होती. 1893 मध्ये लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलचं घड्याळ त्याच्या आराखड्यावरून स्मिथांनी बनवलं.

ही एस्केपमेंट का लागते, ते कळलं की बाकीचं सोपं जातं. उघड्यावरच्या काट्यांवर वारा दाबतो, बर्फ साचतो, कबुतरं बसतात. साध्या रचनेत हा दाब दातेरी चाकांवाटे थेट लंबकापर्यंत पोचतो आणि चाल बिघडते. ग्रॅव्हिटीच्या रचनेत चाक फक्त एक छोटा हात ठरावीक उंचीवर उचलून ठेवतं. लंबक येऊन त्याची अडकण सोडवतो आणि तो हात स्वतःच्या वजनाने खाली येताना लंबकाला ढकलतो. वारा असो नसो, धक्का तेवढाच. गोम एकच: चाक झटक्यात फिरतं, म्हणून त्याच्या दांड्यावर हवा कापणारी पाती असतात. ती सैल झाली की हात जरुरीपेक्षा वर उडतो, अडकण निसटते आणि घड्याळ भरधाव पुढे पळतं.

लंबकाचंही तसंच. दीड सेकंदाच्या झोक्याला सुमारे सव्वादोन मीटर लांबी लागते. नुसती लोखंडी दांडी असेल तर तापमान 10 अंशांनी वाढताच घड्याळ दिवसाला साधारण 5 सेकंद मागे पडतं. म्हणून लोखंडाच्या जोडीला जस्ताची नळी बसवतात. जस्त अडीच पट पसरतं आणि गोळ्याला तेवढंच वर उचलतं. बारीक दुरुस्ती खालची नट फिरवून करत नाहीत, कारण त्यासाठी लंबक थांबवावा लागतो. दांडीवरच्या छोट्या तबकात हलकी वजनं ठेवतात. वजन टाकलं की घड्याळ पुढे, काढलं की मागे.

चावी देतानाही काळजी असते. घड्याळ चालवणारं वजन वर ओढताना चाकांवरचा जोर जातो, म्हणून तेवढ्या वेळापुरता जोर देणारी वेगळी तरफ असते. चावीच्या चौकोनी टोकावर तिचीच झडप बसवलेली असते, म्हणजे तरफ उचलल्याशिवाय हँडल लागतच नाही. विसरभोळ्यांसाठी इतकी चांगली सोय दुसरीकडे क्वचितच दिसेल. मनोऱ्याच्या तळाशी, वजनाच्या बरोबर खाली, वाळूने भरलेली पेटी ठेवतात. दोर कधी तुटला तर वजन जमिनीत घुसू नये, म्हणून.

आणि तेल. नवखा माणूस सगळीकडे तेल सोडतो. तेल फक्त दांड्यांच्या टोकांना, बुशमध्ये, म्हणजे ती टोकं फिरतात त्या कड्यांत. दात्यांना अजिबात नाही. तेलात धूळ बसते, तिचे कण मऊ गनमेटलच्या (तांब्याच्या मिश्रधातूच्या) चाकात रुततात आणि कानसीसारखे कडक पोलादी पिनियनच, म्हणजे छोटं दातेरी चाक, कापत जातात. झिजलेलं पिनियन दिसलं की आधी आठवावा तो तेलाचा डबा.

पुढे काळ बदलला, विजेच्या मोटरी आल्या. सेंट पॉल्सच्या घड्याळाला हाताने चावी देणं 1969 मध्ये थांबलं. त्याच्या थोडं आधी, 1965 मध्ये, स्मिथांनी 1690 पासून चालत आलेली व्हिटचर्च गावची जॉइस ही घड्याळ कंपनी घेतली होती. अशा खरेदीत इमारतीपेक्षा जुने नकाशे आणि ओतकामाचे लाकडी साचे जास्त मोलाचे. दीडशे वर्षांच्या चाकाचा एक दात तुटला, तर त्याचा अचूक माप असलेला कागद बाजारात विकत मिळत नाही.