खरखरीमागे दडवलेलं गाणं

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हेडफोनची पिन दोनदा काढून पुन्हा घातली. नुसती खरखर येत होती, दोन स्टेशनांच्या मध्ये अडकलेल्या रेडिओसारखी. पण त्या खरखरीमागे कुणीतरी जीव ओतून गात होतं, आणि चाल इतकी गोड होती की मी श्वास रोखून कान लावून बसले.

स्पार्कलहॉर्सच्या 'गुड मॉर्निंग स्पायडर' या 1998च्या अल्बममधलं हे 'हॅपी मॅन'. स्पार्कलहॉर्स हा अमेरिकन बँड म्हणजे मुख्यतः मार्क लिंकस हा एकटा माणूस. व्हर्जिनियातल्या त्याच्या शेतघरी ही गाणी आकाराला आली. 'हॅपी मॅन' हिट होण्यासारखं आहे हे त्याला कळत होतं. रेकॉर्ड कंपनी ते सिंगल म्हणून, म्हणजे अल्बमपासून वेगळं एकटं गाणं म्हणून, काढेल या धास्तीने त्याने ते मुद्दाम खरखरीत बुडवलं! पुढे ते स्वच्छ रूपात पुन्हा रेकॉर्ड झालं. तेही सुंदर आहे. तरी मी वळते ते बुडवलेल्याकडेच. तिथे चाल हाताशी येत नाही, चाचपडत शोधावी लागते. मग खरखर विरते, आवाज मोकळा होतो आणि मला दर वेळी गलबलून येतं.

अल्बमच्या दोन वर्षं आधी, 1996मध्ये, रेडिओहेड या ब्रिटिश बँडबरोबर दौऱ्यावर असताना लंडनच्या हॉटेलात दारू आणि औषधं एकत्र झाल्याने लिंकस बेशुद्ध पडला होता. पाय अंगाखाली दबलेले, आणि तसाच तो कित्येक तास पडून. पाय सरळ केले तेव्हा काही मिनिटं हृदयच थांबलं. पुढे शस्त्रक्रिया झाल्या, महिनोन्महिने व्हीलचेअर. अल्बमचं पहिलं गाणं 'पिग' अक्षरशः किंचाळतं. दुबळ्या पडलेल्या शरीरावरचा सगळा राग त्यात आहे. आणि तिसरं, 'सेंट मेरी', त्याने पॅडिंग्टनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधल्या नर्सेससाठी लिहिलं. उशाशी बसलेल्या माणसाशी बोलावं इतक्या हळू आवाजात तो ते गातो. आभार मानणारं इतकं हळवं गाणं मी दुसरं ऐकलेलं नाही.

लिंकस 2010मध्ये गेला, अवघ्या 47व्या वर्षी. अर्धवट राहिलेली त्याची गाणी भावाने पूर्ण केली आणि 2023मध्ये 'बर्ड मशीन' हा अल्बम आला. तोही ऐकाच, पण आधी 'गुड मॉर्निंग स्पायडर'. 'पिग'च्या गोंगाटाला घाबरून थांबू नका, दोन-अडीच मिनिटांत तो सरतो. 'सेंट मेरी' मात्र रात्री ऐका, घरातले सगळे झोपल्यावर.