आप्पांनी पकडलेली काटामारी

ऐन गाळप हंगामात बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या ऑफिसला ऊस वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरचं काम आलं. शनिवारी चिकोडीला घरूनच युनिट टेस्ट, म्हणजे कोडचा एकेक तुकडा तपासणाऱ्या चाचण्या, लिहीत बसलो होतो. त्यासाठी काटा पावतीचा ऑब्जेक्ट, म्हणजे तिच्या नोंदींचा संच, हातानं कोण भरणार, म्हणून सी शार्प भाषेतली, नमुना माहिती आपोआप भरणारी ऑटोफिक्श्चर लायब्ररी घेतली. टेस्ट कधी हिरवी (पास), कधी लाल (नापास). कोडला हात न लावता!

चहा घेऊन आलेल्या आप्पांनी स्क्रीनवरची पावती वाचली. भरलेली ट्रॉली 37, रिकामी 190, निव्वळ ऊस 112. "आरं, असली काटामारी आमच्या बापजन्मात बघितली न्हाई."

चूक तीच होती. ऑटोफिक्श्चर प्रत्येक प्रॉपर्टीला, म्हणजे पावतीतल्या रकान्याला, स्वतंत्र आकडा देतं, सुरुवातीला 1 ते 255 मधला. भरलेलं वजन रिकाम्यापेक्षा जास्त हवं, हे त्याला कोण सांगणार? 'विथ' लावून तिन्ही आकडे पक्के करता आले असते, पण मग प्रत्येक टेस्टमध्ये तीच एक ट्रॉली. आणि 'विथ'मध्ये त्याच ऑब्जेक्टची दुसरी प्रॉपर्टी वाचता येत नाही.

मग हिशेबच उलटा केला. काट्यावर आधी भरलेली गाडी चढते. मी 'फ्रॉमफॅक्टरी'त, म्हणजे ऑब्जेक्ट कसा बनवायचा ते सांगतात तिथं, रिकामं वजन आणि ऊस हे दोनच आकडे मागितले आणि बेरीज करून भरलेलं वजन काढलं. वजाबाकीच नाही, तर उणे येणार कुठून!

तरी लाल. तासभर डोकं खाजवलं. फॅक्टरीतून ऑब्जेक्ट नीट बाहेर पडत होता, पण नंतर ऑटोफिक्श्चर त्याच प्रॉपर्टींवर पुन्हा स्वतःचे आकडे टाकत होतं. आपोआप भरणं बंद करणारं 'ऑमिटऑटोप्रॉपर्टीज' लावलं, तर शेतकऱ्याचं नाव आणि गाडी नंबरही रिकामे. शेवटी फक्त तीन वजनांना 'विदाउट' (हे भरू नको) लावलं. फॅक्टरीतली वजनं टिकली, बाकीचं आपोआप भरलं.

हे सगळं 'कस्टमाइझ'मध्ये, सगळीकडे लागू होईल असं, एकदाच लिहिलं. तरीही एक टेस्ट अडून बसली, कारण तिथं ठरावीक गाडी नंबर देण्यासाठी 'बिल्ड' वापरलं होतं आणि 'बिल्ड' त्या प्रकारच्या ऑब्जेक्टचं कस्टमाइझ विचारातच घेत नाही. तिथं साधं 'क्रिएट' करून नंबर खाली वेगळा दिला.

संध्याकाळी आप्पांना नवी पावती दाखवली. भरलेली 203, रिकामी 58, ऊस 145.

"किलो?"

"हो."

"मग ती ट्रॉली न्हवं, हातगाडी हाय."

सोमवारी रिकामं वजन आणि ऊस या दोन्ही आकड्यांत हजारांची भर घातली.