ताकाची खरेदी किंमत

आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जानेवारीत बाल आनंद मेळावा भरतो. गावात त्याला नुसतं 'पोरांचा बाजार' म्हणतात. वर्गातली बाकं पटांगणात ओढायची, वर आईची जुनी साडी अंथरायची, की दुकान तयार. चौथीतल्या माझ्या लेकीने यंदा ताक विकायचं ठरवलं. थंडीत ताक कोण पिणार गं, म्हटलं, तर म्हणाली, "भेळवाले सात आहेत. तिखट लागलं की येतील की माझ्याकडे."

मी पोहोचले तोवर तिची भवानी झाली होती. शेजारी बोरांचे वाटे, पाच रुपयाला एक. बोरंवाला असा काही ओरडत होता, की बोलणाऱ्याची बोरं विकतात ही म्हण त्याच्यावरूनच पडली असावी. मेथीवाली मात्र गप्प, जुड्यांवर पाणी शिंपडत बसलेली. एका आजींनी दहाची जुडी सातला मागितली आणि दहाचं नाणं पुढे केलं. तीन रुपये सुटे नव्हते, म्हणून पोरीने पाच परत दिले! आजी खूश, पोरगी त्याहून खूश.

मी लिंबाच्या झाडाआडून बघत होते. पण ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार? सरळ पुढे झाले आणि पहाटे मीच घुसळलेलं ताक पाच रुपये देऊन प्यायले. पातळ लागलं. वीस पेल्यांचं ताक करून दिलं होतं, ते तीस पेल्यांना पुरलं, तेव्हा उलगडा झाला.

संध्याकाळी हिशेबाचा कागद भरायचा होता. विक्री २७ पेले, जमा १३५ रुपये. खरेदी किंमत शून्य. नफा १३५.

"शून्य कशी? दीड लिटर दूध लागलं, नव्वद रुपयांचं. पेले आणले, आलं, कोथिंबीर…"

"ते तर घरातलंच ना!"

"आणि माझी मजुरी?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी सूर्याकडे उन्हाचं बिल मागितलं. तिचे बाबा हसले. हसतील नाही तर काय, त्यांचा कांद्याचा हिशेबही असाच असतो. बियाणं, खत, औषध, गाडीभाडं सगळं वहीत. निंदणीला वाकलेल्या सासूबाई आणि मी वहीत नाही. हमीभाव सुचवणाऱ्या कृषी मूल्य आयोगाच्या हिशेबात घरच्यांच्या मजुरीसाठी 'एफएल' (फॅमिली लेबर) म्हणून निदान दोन अक्षरं तरी आहेत. ते मी त्यांना ऐकवलं. ते चहा ठेवायला उठले, हे मात्र मान्य केलं पाहिजे.

लेकीने खोडरबर घेतलं, शून्य पुसलं आणि बराच वेळ विचार करून तिथे 'आई' असं लिहिलं. रकाना आकड्यांचा होता. मी काही बोलले नाही.

उरले उधारीचे तीन पेले. ते मेथीवालीने प्यायले होते. दुसऱ्या दिवशी लेक वसुलीला गेली आणि मेथीची एक सुकलेली जुडी घेऊन आली. पंधरा रुपयांचं ताक, दहाची जुडी. रात्री ती निवडायला मात्र मीच बसले.