आइसलँडची बास्केटबॉल लीग: गावांचा खेळ आणि बाहेरचे खेळाडू

आइसलँडच्या पुरुष बास्केटबॉल लीगमधील सामने बहुधा तेथील संध्याकाळी सव्वासात वाजता सुरू होतात. तेव्हा पुण्यात मध्यरात्र उलटून पाऊण तास झालेला असतो. तरीही ऑक्टोबर ते मे या हंगामात मी ही लीग शक्य तितकी पाहतो आणि जो सामना पाहता येत नाही, त्याची आकडेवारी सकाळी चहासोबत वाचतो. सुमारे चार लाख लोकवस्तीच्या देशातील, बारा संघांच्या या अर्धव्यावसायिक स्पर्धेत एवढे काय आहे, असे मला विचारले जाते. एनबीए किंवा युरोलीगमध्ये संघ हा एक उद्योग असतो. आइसलँडमध्ये संघ अजून गावाचा आहे, आणि पैसा आल्यानंतरही तो गावाचाच कसा ठेवायचा, ही ओढाताण प्रत्येक हंगामात उघडपणे दिसते. मला तीच पाहायची असते.

आइसलँडमधील पहिले राष्ट्रीय विजेतेपद 1952 मध्ये केफ्लाविक विमानतळावरील कर्मचाऱ्यांच्या संघाने जिंकले, हा योगायोग नव्हता. 1951 च्या संरक्षण करारानुसार अमेरिकी सैन्य या विमानतळावर आले, आणि बास्केटबॉल देशात इतरत्रही पोहोचला असला तरी नैर्ऋत्येच्या या खडकाळ द्वीपकल्पावर तो जसा रुजला तसा कोठेच रुजला नाही. तळावर धिप्पाड आणि तरबेज अमेरिकी सैनिक खेळत होते, आणि कुंपणापलीकडच्या गावांतील मुलांना त्यांच्याशी सामने खेळण्याची संधी मिळत होती. विमानतळाचा तो संघ पुढे शेजारच्या न्यार्दविक गावाच्या क्लबमध्ये विलीन झाला.

1981 ते 2006 या सव्वीस वर्षांतील विजेत्यांची यादी पाहिली तर न्यार्दविकची तेरा आणि केफ्लाविकची आठ, अशी एकवीस विजेतेपदे एकमेकांना खेटून असलेल्या या दोन गावांकडे गेलेली दिसतात. 1994 मध्ये ही गावे एकाच नगरपालिकेत आली, पण क्लब वेगळेच राहिले, आणि ते एकत्र करण्याची सूचना कोणी केली तर तिचे काय होईल, हे सांगायला नको. न्यार्दविकचा तेइतुर ओर्लिग्सन एकटा दहा विजेतेपदांचा मानकरी आहे. जवळच्या ग्रिंदाविकने 1996 मध्ये आणखी एक विजेतेपद या द्वीपकल्पावर आणले. राजधानीतील क्लबांना या काळात उरलेसुरलेच मिळाले.

अमेरिकी सैन्य सप्टेंबर 2006 मध्ये तळ सोडून गेले, आणि न्यार्दविकचे अखेरचे विजेतेपदही त्याच वर्षीच्या वसंतातले. या दोन घटना जोडून एक सुबक कथा रचण्याचा मोह होतो. मला ती कथा पूर्ण पटत नाही. खेळ शिकवण्याचे लष्करी तळाचे काम कित्येक दशके आधीच होऊन गेले होते आणि केफ्लाविकने 2008 मध्ये पुन्हा बाजी मारली. खरा बदल राजधानी रेक्याविकमध्ये होत होता. केआर या जुन्या क्लबने मनुष्यबळ, प्रायोजक आणि परदेशातून परतणारे खेळाडू एकत्र आणले आणि 2014 ते 2019 अशी सलग सहा विजेतेपदे पटकावली. एकूण अठरा विजेतेपदे नावावर असलेला हाच क्लब 2023 मध्ये खालच्या श्रेणीत घसरला आणि वर्षभराने परत वर आला. युरोपातील मोठ्या लीगांमध्ये असे क्वचितच घडते, कारण तेथे श्रीमंतीची उशी असते. येथे दोन-तीन खेळाडू गेले आणि एखादी निवड चुकली, की अठरा विजेतेपदेही उपयोगी पडत नाहीत.

अर्धव्यावसायिक म्हणजे नेमके काय, हे क्लबांच्या रचनेवरून कळते. यांतील बरेच क्लब विसाव्या शतकाच्या आरंभी, स्वातंत्र्याच्या आकांक्षेच्या काळात सुरू झालेल्या युवक संघटनांच्या चळवळीतून आले आहेत. व्यायाम, वृक्षारोपण आणि राष्ट्रभावना हे सगळे एकाच छपराखाली, असे त्यांचे मूळ स्वरूप होते. उत्तरेकडील तिंदास्तोल हा क्लब तर 1907 चा. आजही बास्केटबॉल हा अशा क्लबचा एक विभाग असतो, शेजारी फुटबॉल आणि इतर खेळांचे विभाग असतात, आणि खेळाचे सभागृह बहुधा नगरपालिकेने बांधलेले असते. विभागाचे पदाधिकारी स्वयंसेवक असतात. सामन्याच्या दिवशी तेच बर्गर भाजतात, तिकिटे फाडतात आणि नंतर खुर्च्या उचलतात. हिवाळ्यात थोर्राब्लोत नावाची पारंपरिक मेजवानी भरवून निधी उभारला जातो. लहान मुलांच्या संघाला प्रवासाचा खर्च जमवायचा असेल तर मुले आणि पालक शेजाऱ्यापाजाऱ्यांना शौचालयातील कागदाचे गठ्ठे विकतात. ही तेथील इतकी रूढ पद्धत आहे की कोणाला त्यात गंमत वाटत नाही. मला मात्र दर वेळी वाटते.

स्थानिक खेळाडूंपैकी अनेकांना नोकरी किंवा शिक्षण सांभाळूनच सराव करावा लागतो. पूर्ण वेळ खेळून पैसे घेणारे बहुधा परदेशी असतात, आणि त्यांच्याकडूनही पुष्कळदा मुलांच्या प्रशिक्षणाचे काम करून घेतले जाते. त्यामुळे क्लबच्या अंदाजपत्रकातील सर्वांत मोठा आणि सर्वांत डळमळीत भाग बाहेरून आलेल्या मोजक्या माणसांवर खर्च होतो. 2008 च्या ऑक्टोबरमध्ये आइसलँडच्या बँका कोसळल्या आणि तेथील चलन क्रोना घसरले, तेव्हा परकीय चलनातील करार पाळणे अशक्य झाल्याने अनेक क्लबांनी हंगामाच्या तोंडावरच परदेशी खेळाडूंना घरी पाठवले. लीग थांबली नाही. स्थानिक खेळाडूंना जास्त वेळ खेळायला मिळाले आणि युरोपातून परतलेल्या योन आर्नोर स्तेफान्सनसारख्या खेळाडूंच्या बळावर केआरने तो हंगाम जिंकला. एरवी ज्यांच्याशिवाय अडेल असे वाटत होते, त्यांतले बरेच नसतानाही अंतिम मालिका (पाचपैकी तीन सामने आधी जिंकणारा विजेता) पाचव्या सामन्यापर्यंत रंगली.

परदेशी खेळाडू किती असावेत, हा वाद तेथे फार जुना आहे. अमेरिकी खेळाडू सत्तरीच्या दशकाच्या मध्यापासून येऊ लागले, ऐंशीच्या दशकात काही वर्षे त्यांना बंदी होती, नंतर ती उठली. अलीकडच्या काळात मैदानावर एका वेळी किमान चार आइसलँडर हवेत, असा नियम होता. आइसलँड युरोपीय आर्थिक क्षेत्राचा सदस्य आहे, आणि त्या क्षेत्रातील कामगारांच्या मुक्त संचाराशी हा नियम विसंगत ठरत असल्याने देखरेख करणाऱ्या संस्थेच्या दबावाखाली 2018 मध्ये तो मागे घ्यावा लागला. तेव्हापासून संघांत युरोपीय खेळाडूंची संख्या वाढली. खेळाची गुणवत्ता वाढली, हे कबूल केले पाहिजे. पण अठरा-एकोणीस वर्षांच्या स्थानिक मुलाला मिळणारी मिनिटे घटली, हेही तितकेच खरे. माझे मत जुन्या नियमाच्या बाजूने झुकते, कारण या लीगचे प्रेक्षक त्या मुलाला ओळखणारे असतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र क्रीडा संघटनेची बाजू दुबळीच होती.

या वादात राष्ट्रीय संघाचा दाखला दोन्ही बाजू देतात. आइसलँड 2015, 2017 आणि 2025 अशा तीन युरोबास्केट, म्हणजे युरोपीय राष्ट्रीय संघांच्या अजिंक्यपद, स्पर्धांना पात्र ठरला, आणि एवढ्या लहान देशाने ही मजल मारावी हे असाधारण आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये विश्वचषकाच्या पात्रता फेरीत त्यांनी इटलीला दोन जादा डावांनंतर 107-105 असे हरवले, तो सामना मी आजही अधूनमधून पुन्हा पाहतो. त्या संघाचा 2.16 मीटर उंच त्रिग्वी हलिनासन उत्तरेकडील मेंढपाळाच्या घरचा. पंधरा-सोळा वर्षांचा होईपर्यंत त्याने बास्केटबॉल खेळलाच नव्हता. तो थेट स्पेनमध्ये गेला, पण त्याआधी त्याला आकुरेरीच्या थोर या संघात, याच लीगच्या चौकटीत, घडवले गेले. तिन्ही युरोबास्केट स्पर्धांत मिळून आइसलँडचे पंधरा सामने झाले आणि पंधराही हरले, ही दुसरी बाजूही सांगायला हवी.

लहान गावांचे या लीगमधील स्थान समजून घ्यायचे तर सौदारक्रोकुर पाहावे. उत्तर किनाऱ्यावरचे हे गाव अडीच-तीन हजार वस्तीचे आहे आणि तिंदास्तोल हा त्याचा संघ. तिंदास्तोलच्या आधी 2010 मध्ये स्तिक्किसहोल्मुर या हजार-बाराशे वस्तीच्या गावाच्या स्नायफेल संघाने आणि 2021 मध्ये थोरलाक्सहोफ्न या मासेमारी बंदराच्या संघाने विजेतेपद मिळवले होते. तिंदास्तोलच्या नशिबी मात्र पराभवच येत राहिले: 2015 आणि 2018 च्या अंतिम मालिकांत केआरकडून, 2022 मध्ये रेक्याविकच्या वालुरकडून. त्या वालुर संघातून खेळलेला पावेल एर्मोलिन्स्की पुढच्याच हंगामात तिंदास्तोलचा प्रशिक्षक झाला आणि 2023 च्या अंतिम मालिकेत, वालुरच्याच सभागृहातील पाचव्या सामन्यात, तिंदास्तोलने 82-81 असा एका गुणाने विजय मिळवला. निर्णायक फ्री थ्रो कीशॉन वूड्स या अमेरिकी खेळाडूचे होते. गावाच्या पहिल्यावहिल्या विजेतेपदावर शेवटचा शिक्का बाहेरच्या माणसाने मारला, आणि त्याबद्दल गावात कोणाची तक्रार असेल असे मला तरी वाटत नाही.

त्याच वर्षी 10 नोव्हेंबरच्या रात्री ग्रिंदाविक रिकामे करण्यात आले. गावाखालून मॅग्मा सरकत होता, रस्त्यांना भेगा पडल्या होत्या, आणि सुमारे पावणेचार हजार लोक देशभर विखुरले गेले. डिसेंबरमध्ये गावाजवळ उद्रेक झाला आणि जानेवारी 2024 मध्ये लाव्हा गावाच्या कडेला पोहोचून तीन घरे जळाली. क्लबने हंगाम सोडला नाही. राजधानीलगतच्या कोपावोगुर येथील सभागृह घरचे मैदान म्हणून मिळाले, आणि स्थलांतरानंतर काही दिवसांतच ग्रिंदाविकचे पुरुष आणि महिला संघ तेथे उतरले. पिवळ्या जर्सीतले प्रेक्षक वेगवेगळ्या शहरांतील तात्पुरत्या घरांतून येत होते. ज्यांची रोज किराणा दुकानात भेट होई, त्यांची गाठ आता सामन्यालाच पडत होती. पुरुष संघ अंतिम मालिकेपर्यंत गेला. मालिका संपत आली असताना, मे महिन्याच्या अखेरीस, गावाजवळ पुन्हा उद्रेक झाला. वालुरने पाचव्या सामन्यात ग्रिंदाविकला हरवले. ग्रिंदाविकने जिंकायला हवे होते, असे त्या दिवशी वाटणाऱ्यांत मीही होतो, पण वालुरच्या बचावाचे तास दोन तास पाहिल्यावर निकालाबद्दल वाद घालण्यासारखे काही उरले नव्हते.

पुढच्या वर्षी, 2025 मध्ये, तिंदास्तोल पुन्हा अंतिम मालिकेत आला आणि या वेळी पाचवा सामना सौदारक्रोकुरमध्येच होता. राजधानीच्या उपनगरातील गार्दाबाइरच्या स्त्यार्नान संघाने तो जिंकून आपले पहिले विजेतेपद मिळवले. स्त्यार्नानचा प्रशिक्षक बाल्दुर थोर राग्नार्सन हा 2022 च्या त्या हरलेल्या अंतिम मालिकेत तिंदास्तोलचा प्रशिक्षक होता. बारा संघांच्या लीगमध्ये प्रत्येक जण कधी ना कधी दुसऱ्याच्या ड्रेसिंग रूममध्ये बसलेला असतो, आणि म्हणूनच सौदारक्रोकुरच्या प्रेक्षकांना त्या रात्री समोरच्या बाकावरचा माणूस कोण, हे कोणी सांगावे लागले नाही.