ठाणे ते दापोली, आमवातासकट

पाचपाखाडीतून निघायला आम्हाला सव्वादहा वाजले. दापोलीला जायचंय म्हटल्यावर ज्याला त्याला विचारलं, त्याने एकच सांगितलं होतं: पहाटे पाचला निघा, माणगावात अडकणार नाही. बरोबर आहे त्यांचं. पण मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात तो, होऊन नऊ वर्षं झाली. उठल्यावर बोटं नीट वळायला दीड तास लागतो. पाचला निघायचं तर साडेतीनला उठा, रिकाम्या पोटी गोळी चालत नाही म्हणून चारला काहीतरी पोटात ढकला, आणि गाडीत बसेपर्यंत दिवसभराचं बळ संपलेलं. "अगं, दहाला निघालो तर कोलाडलाच जेवायची वेळ होईल," नवरा म्हणाला. होऊ दे म्हटलं. ट्रॅफिकमध्ये मोकळ्या सांध्यांनी बसणं परवडतं, रिकाम्या रस्त्यावर आखडलेल्या सांध्यांनी नाही.

कळवा, विटावा, ऐरोली करत ठाणे-बेलापूर रस्ता, पुढे पनवेल, पळस्पे फाटा आणि मग मुंबई-गोवा महामार्ग. सोमवार असल्यामुळे ऐरोली ते महापे ऑफिसवाल्यांनी अर्धा तास खाल्ला. तरी सोमवारच निवडला होता, त्याला कारण आहे. माझी आमवातावरची आठवड्याची गोळी, मेथोट्रेक्सेट, शनिवारी रात्री असते आणि रविवारी दिवसभर मळमळतं, अंग जड असतं. शनिवार-रविवारची सहल मला जमतच नाही. गोळीचा वार बघून प्रवासाचा वार ठरवायचा, हे मी कधीच शिकले होते. मात्र इंजेक्शनची तारीख बघायची राहिली, आणि तिथेच फसले.

दर पंधरा दिवसांनी मी ॲडॅलिम्युमॅब या आमवातावरच्या औषधाचं इंजेक्शन टोचून घेते, ते पेनसारख्या नळीत भरलेलं येतं. ते बुधवारी होतं, म्हणजे बरोबर सहलीच्या मधोमध. डॉक्टरांना आधी फोन करून तारीख थोडी मागेपुढे चालेल का, एवढं विचारलं असतं तर निम्मं सामान घरी राहिलं असतं. विचारलं नाही. जांभळी नाक्यावरून थंड पिशवी आणि जेलचे दोन पॅक आणले आणि त्यातच मी खूश. तुम्ही आधी विचारा.

हे औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. गरम होऊ द्यायचं नाही हे सगळ्यांच्या लक्षात राहतं, गोठू द्यायचं नाही हे मात्र निसटतं. म्हणून जेल पॅक डबीला थेट चिकटवायचा नाही, मध्ये पंच्याची घडी ठेवायची. पिशवी डिकीत नाही, डॅशबोर्डवर तर नाहीच. पुढच्या सीटच्या मागे पायाशी, जिथे एसी पोचतो तिथे. आणि कोलाडला जेवायला उतरलात तर तीही उतरली पाहिजे, जानेवारीतसुद्धा, कारण बंद गाडी उन्हात बघता बघता तापते. आम्ही तिला टेबलावर चौथ्या पाहुण्यासारखी मांडून बसलो. वेटरने दोनदा विचारलं, "मॅडम, केक आहे का?"

बाकीचं सामान भरताना लेकीने मला एक नवी सवय लावली. ती म्हणाली, "आई, तुला काय लागतं ते लिहू नकोस. प्रत्येक वस्तू उघडून दाखव." आदल्या संध्याकाळी पलंगावर सगळं पसरलं आणि एकेक उघडत बसले. निम्म्या वस्तू माझ्याकडून उघडेनात. फिरकीच्या टोपणाची स्टीलची बाटली बाद, तिच्याऐवजी बटण दाबून उघडणारी. वेदनाशामक मलमाची ट्यूब लेकीने आधीच फोडून, टोपण सैल करून ठेवली. झिपच्या टोकांना परकराच्या नाडीचे तुकडे बांधले, म्हणजे चिमटीत न धरता बोट अडकवून ओढता येतं. स्ट्रिपमधून गोळी दाबून काढणं हे माझ्यासाठी सकाळचं सगळ्यात मोठं काम असतं, म्हणून रोजच्या गोळ्या मोठ्या झाकणांच्या, प्रत्येक वाराला वेगळा कप्पा असलेल्या डबीत भरल्या. मेथोट्रेक्सेट मात्र त्या डबीत कधीही नको. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते; घाईत चुकून रोज घेतली गेली तर रक्तपेशींवर परिणाम होऊन जिवावर बेतू शकतं. आम्ही गुरुवारी परतणार होतो, मग ती नेलीच नाही. स्टिरॉइडची छोटी गोळी उलट जास्त नेली, चार दिवसांच्या जागी आठ दिवसांची, कारण ती एकदम तोडता येत नाही. त्यातली निम्मी नवऱ्याच्या बॅगेत, माझी पिशवी हरवली तर म्हणून. औषधांची मूळ नावं मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून घेतली, कारण गावच्या मेडिकलमध्ये आपला ब्रँड मिळेलच असं नाही.

गाडीत पुढची सीट जितकी मागे जाईल तितकी मागे, पाठीशी छोटी उशी, पायाखाली लाकडी पाट. दर तासा-सव्वातासाने उतरून पाच मिनिटं चालायचं, मग वडखळ असो की नागोठणे. न उतरता एका दमात माणगाव गाठलं असतं तर तिथे मला गाडीतून उचलून काढावं लागलं असतं. आणि एक गोष्ट लाज न बाळगता सांगते: घडीचं कमोड स्टूल. नवरा आधी हसला होता. रस्त्यावरच्या पंपांवर बहुतेक ठिकाणी भारतीय संडास मिळाला, आणि माझे गुडघे उकिडवं बसू देत नाहीत. ते स्टूल नसतं तर मी सकाळपासून पाणीच प्यायले नसते, आणि तो उपाय त्रासापेक्षा वाईट.

माणगावात पाऊण तास गेला. पुढे महाड, पोलादपूर, कशेडीचा बोगदा (घाटातल्या वळणांवर मान हेलकावे खायची, ते वाचलं), भरणे नाक्यावरून खेड आणि दापोली. पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते.

मुक्कामाची जागा ठरवताना "सगळ्या सोयी आहेत" या उत्तरावर थांबू नका. फोटो मागवा, संडासाचा, दारातल्या पायऱ्यांचा आणि पलंगाचा. समुद्र त्यात नसला तरी चालेल. पलंग बुटका असेल तर सकाळी उठायचे वांधे. गीझर आहे की बंब, गरम पाणी किती वाजता मिळतं हेही विचारा. दापोली उंचावर आहे, जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी पडते, आणि माझे सांधे गरम पाण्याखाली गेल्याशिवाय बोलायला तयार नसतात. मी रबरी शेकाची पिशवी नेली होती. ती भरायचं आणि तिचं बूच लावायचं काम मात्र नवऱ्याकडे.

मंगळवारी दापोलीजवळच्या मुरूडच्या किनाऱ्यावर गेलो. ओहोटीची वेळ बघून जा. तेव्हा पाण्यालगतची ओली वाळू घट्ट असते, घोटे वळत नाहीत. कोरड्या वाळूत मी वीस पावलंसुद्धा टाकत नाही. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपर्यंत गाडी जाते, त्यामुळे दर्शन झालं. सुवर्णदुर्ग किनाऱ्यावरूनच पाहिला, कारण होडीत चढउतार करणं मला झेपणारं नाही. हर्णैला संध्याकाळचा माशांचा लिलाव मात्र सोडला नाही. जमीन ओली, निसरडी आणि गर्दी, म्हणून जरा वरच्या बाजूला उभी राहिले. बोली लागते त्या वेगाने मला हिशेबही कळत नाही, पण बघायला फार मजा येते.

आता बुधवार. पोचल्या पोचल्या मी औषधाची डबी घरमालकीण काकूंकडे दिली होती. "काकू, ही थंड ठेवायची हं," एवढंच म्हणाले. बुधवारी रात्री जेवणानंतर ती मागितली, टोचण्याआधी अर्धा तास बाहेर ठेवायची होती म्हणून. काकूंनी आणून दिली तेव्हा पुठ्ठ्यावर पांढरा थर होता. पेनच्या खिडकीतून बघितलं, पेन आडवं केलं, उभं केलं. आतलं औषध जागचं हललं नाही.

"थंड म्हणालात ना, म्हणून वर बर्फात घातली हो," काकू म्हणाल्या. "खाली सुरमई होती. म्हटलं औषधाला मासळीचा वास लागायचा."

त्यांच्यावर कसली रागावणार? एकदा गोठलेलं हे औषध वितळून कितीही स्वच्छ दिसलं तरी वापरायचं नाही, हे मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. डॉक्टरांना मेसेज केला. उत्तर आलं: टोचू नका, ठाण्यात आल्यावर नवं घ्या, एक-दोन दिवसांनी बिघडणार नाही. गुरुवारी उजवा गुडघा कुरकुरत होता, तो इंजेक्शन चुकल्यामुळे की हर्णैच्या उतारामुळे, कोण जाणे.

तर डबी ज्याच्या हातात जाणार असेल त्याच्यासाठी तिच्यावरच मार्करने, मराठीत, ठळक लिहा: "बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका. खालच्या फळीवर, मागच्या भिंतीला न टेकवता." लाइट गेली तर फ्रिज उघडू नका, हेही. ही अक्षरं मी बुधवारी रात्री रिकाम्या थंड पिशवीवर लिहिली, पुढच्या वेळेसाठी.

थंडी-ताप आला तर काय, हेही आधी ठरवून ठेवलं होतं. या औषधांनी प्रतिकारशक्ती दबलेली असते, त्यामुळे तापात इंजेक्शन आपल्या मनाने घ्यायचं नाही, डॉक्टरांना विचारायचं. दापोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे, मोठं काही झालं तर डेरवणचं वालावलकर रुग्णालय, आणि १०८ आहेच. यातलं काही लागलं नाही.

निघताना काकूंनी कोकमाच्या आगळाची बाटली दिली आणि पैसे घेईनात. मी टोपणाकडे बघत होते, ते त्यांच्या लक्षात आलं. "घट्ट नाही लावलं हो, तुमच्या बोटांना त्रास नको." बाटली थंड पिशवीत ठेवली, कारण तीच एक रिकामी होती. माणगावच्या ट्रॅफिकमध्ये आंबट वास आला, तोवर अर्धं आगळ पंच्याने प्यायलं होतं. ठाण्यात येऊन पिशवी दोनदा धुतली. मार्करची अक्षरं टिकली आहेत, आतून ती अजून जांभळीच आहे.